तीन राज्यांचा एक नागरिक

त्या रविवारी सकाळी पासपोर्टच्या अर्जात "आपण अन्य कोणत्या देशाचे नागरिक आहात काय?" या प्रश्नापुढे मी ठळक अक्षरांत "नाही" लिहिलं, आणि दुपारी साडेतीनला त्याच टेबलावर, त्याच पेनानं तीन राज्यांचं नागरिकत्व घेतलं. मधल्या वेळात फक्त जेवण झालं होतं.

सकाळचा उद्योग कारखान्यासाठी होता. आमच्या सरकारी कारखान्यानं जर्मनीत एक ग्राइंडिंग मशीन घेतलं होतं, आणि ते जहाजावर चढायच्या आधी कुणीतरी तिथं जाऊन तपासायला हवं होतं. इन्स्पेक्शन विभागात बावीस वर्षं मी लोकांच्या चुका काढल्या. त्याबद्दल लोकांनी नावं पुष्कळ ठेवली, विमानात बसवायचं मात्र शहाण्णव साली पहिल्यांदाच सुचलं. ही बातमी बेंगळुरात हलसूरच्या आमच्या गल्लीत मी स्वतः कुणालाही सांगितली नाही. मथुरेनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, सांगायला कुणी शिल्लकच ठेवलं नव्हतं.

दुपारचा उद्योग मुलीमुळे. विद्याश्री इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि दर रविवारी तिची मित्रमंडळी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती एक खेळ खेळत. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची: राज्यं, डोंगर, दरोडेखोर, राक्षस. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि त्या पात्रानं पुढं काय करायचं ते बोलायचं. ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. चार तास बोलून झालं की मुलं उठतात आणि मजा आली म्हणतात. आमच्या लहानपणी चार तास नुसतं बोलणाऱ्याला दळण आणायला पाठवत.

गोष्ट सांगणारा हर्ष. दोन वर्षांपूर्वी त्याचं कुटुंब पुण्याहून कोरमंगलाला राहायला आलं. मुलगा हुशार, नम्र. एकच खोड, माझं मराठी त्याला गमतीचं वाटायचं. मी कानडी वळणानं "स्वल्प थांब रे" म्हटलं की तो हसू दाबायचा. "काका, स्वल्प?" अरे, आमच्या घरात चार पिढ्या स्वल्प थांबतायत. पण पुण्याच्या माणसाशी मराठीवरून वाद घालू नये, एवढं शहाणपण मी बेंगळुरात राहूनही मिळवलं होतं.

त्या दिवशी त्यांच्यातल्या एकाला कावीळ झाली होती आणि चौथा गडी नव्हता. मथुरा म्हणाली, "अहो, तासाभरात चौदा वेळा टेबलाभोवती फिरलात. त्यापेक्षा बसा की."

बसलो.

प्रत्येकाला शंभर गुण मिळतात. त्यातून पात्रासाठी बळ, चपळाई, जादू, काय हवं ते घ्यायचं. विद्याश्रीनं तलवारबाजी घेतली होती. तिची मैत्रीण धनलक्ष्मी, जी आमच्या घरात झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढते, तिनं हातातून आग फेकायची विद्या घेतली होती.

"काका, तुम्ही पटकन एक योद्धा घ्या," हर्ष म्हणाला.

"नियम कुठायत?"

त्यानं स्पायरल बाइंडिंग केलेलं झेरॉक्सचं बाड पुढं केलं. नियम वाचल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही. पोरं चाळीस मिनिटं थांबली; धनलक्ष्मीनं तेवढ्यात मथुरेला शेंगा सोलून दिल्या. आणि सदतिसाव्या पानावर मला ते दिसलं: "बहुनागरिकत्व. पात्र एकापेक्षा अधिक राज्यांचं नागरिक असतं. प्रत्येक जादा राज्यासाठी पाच गुण."

"ते कुणीच घेत नाही, काका," हर्ष म्हणाला. "काही उपयोग नसतो."

आता मी तुम्हाला खरं सांगतो. पुण्याकडच्या नात्यातल्या लग्नात आम्ही गेलो की "बेंगळूरचे कानडी पाहुणे आले" अशी हाक जाते. हलसूरच्या बाजारात भाजीवाली मला "मराठी अण्णा" म्हणते. दोन्हीकडची माणसं प्रेमळ, पण दोघांनीही मला दुसऱ्याच्या नावावर टाकलेलं. आणि इथं अवघ्या पाच गुणांत आणखी एक राज्य मला आपलं म्हणायला तयार होतं. मी दहा गुण मोजले आणि जन्माच्या तुंबरगडखेरीज सप्तनीर आणि कांचेरी या दोन राज्यांचा नागरिक झालो. उरलेल्या गुणांत व्यापार, भाषा आणि घासाघीस घेतली.

"अप्पा," विद्याश्री कळवळून म्हणाली, "राक्षस आला तर काय करणार?"

"त्याच्याशी बोलेन," मी म्हणालो.

तासाभरानं आम्ही सप्तनीरच्या सीमेवर पोचलो. परक्यांच्या रांगेत तीनशे माणसं. आमची तलवारवाली आणि आमची आगवाली त्या रांगेच्या शेपटीला उभ्या राहिल्या. मी शांतपणे नागरिकांच्या दारातून आत गेलो, पलीकडं एक दुकान बघितलं, दोन खेचरं ठरवली आणि या दोघींची वाट बघत बसलो. उभ्या आयुष्यात कुठल्याही कचेरीत मी असा आत गेलो नव्हतो. रात्री जेवताना मथुरेला मी ते दोनदा सांगितलं.

पुढच्या रविवारी कांचेरीच्या चौकीवर हर्षनं शिपायाचा आवाज काढला. "कागद?"

"कसले कागद? मी दहा गुण दिलेत."

"गुण तुम्ही दिलेत, काका. शिपायाला काय माहीत?"

मुद्दा बिनतोड होता. आमचा अख्खा विभाग याच तत्त्वावर चालतो. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी आणतो," आणि इथून प्रकरण हाताबाहेर गेलं.

माणसानं एखादं काम करायचं तर ते नीट करावं. मी जाड कागद आणला. विद्याश्रीकडून तिन्ही राज्यांची चिन्हं काढून घेतली. घरच्या टाइपरायटरवर तीन नागरिकत्वपत्रं बडवली. पासपोर्टसाठी काढलेल्या फोटोंपैकी उरलेले तीन त्यावर डकवले. नाव घातलं माझंच, श्रीधरराव. पात्राला वेगळं नाव द्यायचं असतं, हे मला फार उशिरा कळलं.

कागद कुंपणाच्या भिंतीवर वाळत ठेवले होते तेवढ्यात मोहनकुमार आले. हे आमचे शेजारी, सेक्रेटरीएटमधून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त. मातृभाषा कन्नड, पण तीस वर्षं एकाच भिंतीवर कोपरं टेकून त्यांना आमचं मराठी आलं आणि आम्हाला त्यांचे सल्ले सोसायची सवय झाली. त्यांनी एक कागद उजेडाकडं धरला.

"गोल शिक्का कुठाय?"

"हा खेळातला कागद आहे, सर."

"कुठला का असेना. गोल शिक्का नाही त्याला कागद म्हणत नाहीत. पत्र म्हणतात."

गोल शिक्क्यासाठी मी बेंगळुरातल्याच शिवाजीनगरला गेलो. बसस्टँडच्या मागं खंडोजीचं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. खंडोजी आमच्यापैकीच मराठी, तीन पिढ्या बेंगळूरच्या लष्करी छावणीतला.

"चौकोनी पाहिजे तर आत्ता देतो, अण्णा," तो म्हणाला. "गोल म्हणजे सरकारी. ऑथॉरिटी लेटर लागेल."

"अरे, ही राज्यं खरी नाहीत."

"मग तर लागेलच. खऱ्यांना कोण विचारतंय?"

मी घरी आलो आणि तीन महाराजांच्या वतीनं तीन आज्ञापत्रं लिहिली: "आमचे विश्वासू नागरिक श्रीधरराव यांस राज्याची मुद्रा करवून घेण्याचा अधिकार दिला आहे." एका महाराजांची सही उजव्या हातानं केली, एका महाराजांची डाव्या. तिसऱ्यांची सही करायला मथुरेनं साफ नकार दिला, तेव्हा त्यांना अंगठा उठवायला लावला. खंडोजीनं पत्रं वाचली, अंगठ्यापाशी जरा थबकला, "सरी, सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाला आणि फाइलला लावली. चार दिवसांनी शिक्के मिळाले. सुंदर होते. मी ते कोऱ्या कागदावर सतरा वेळा उठवून बघितले.

"आता अटेस्टेशन," मोहनकुमार म्हणाले, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी हिरव्या शाईचं पेन काढलं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडं कुणी काही सहीला आणलं नव्हतं. तिन्ही कागदांवर त्यांनी एकेक लांबलचक सही केली आणि कांचेरीचा कागद परत देताना म्हणाले, "रशिया फुटल्यापासून किती नवे देश झालेत, नाही? आमच्या वेळचा नकाशाच राहिला नाही."

मी पुन्हा एकदा सांगितलं, की हा खेळ आहे. "हो, हो," ते म्हणाले. मी आणखी जोर देऊन सांगायला हवं होतं. पण त्या हिरव्या सह्या फार छान दिसत होत्या.

गुरुवारी सकाळी दहाला पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस आले. एएसआय शिवाप्पा, भरघोस मिशा, काखेत फाइल. रीतीप्रमाणे ते आधी शेजारी गेले. मी खिडकीतून बघत होतो. मोहनकुमार माझ्याबद्दल चांगलं बोलताना लांबूनही दिसत होते: हात हलवत होते, मान डोलवत होते. मग शिवाप्पांचं लिहायचं थांबलं.

पाच मिनिटांनी ते आमच्या सोफ्यावर बसले होते. सीमेवरच्या अथणीकडचे निघाले, मराठी आमच्यापेक्षा ठसठशीत.

"काय वो राव, शेजारी म्हणतात तुम्हाला तीन देशांचं नागरिकत्व हाय. सही त्यांनीच केलीय म्हणतात."

मथुरेच्या हातातली कॉफी तिथंच थांबली.

मी हसलो. निरपराध माणूस हसतो तसंच हसायचा प्रयत्न होता. कागद दाखवले, शिक्के दाखवले, सगळं समजावून सांगितलं. जितकं समजावत गेलो तितके शिवाप्पा सोफ्यावर पुढं सरकत आले.

"खेळ हाय म्हणता. पट कुठाय?"

"पट नसतो."

"जिंकतं कोण?"

"कुणीच नाही."

"मग खेळ कसला वो?"

"फासे असतात ना!" मी उत्साहानं तीन फासे त्यांच्यापुढं ठेवले.

"फासे," शिवाप्पा म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. "म्हंजे जुगार बी हाय."

कागद, शिक्के आणि फासे एका पाकिटात गेले. संध्याकाळी चारला ठाण्यावर यायला सांगितलं. बावीस वर्षं मी लोकांचा माल नापास करून बाजूला ठेवत आलो. बाजूला ठेवलेल्या मालाला काय वाटतं ते त्या दिवशी कळलं. मथुरेनं जर्मनीसाठी आणलेला माझा नवा स्वेटर कपाटातून काढला, त्याची पावती शोधली आणि दोन्ही टेबलावर ठेवलं.

ठाण्यावर माझी बाजू भक्कम करायला विद्याश्रीनं हर्षला बोलावून घेतलं. तो पुरावा म्हणून नकाशा घेऊन आला. जुना दिसावा म्हणून त्यानं तो चहात बुडवून वाळवला होता. त्यावर तिन्ही राज्यं होती, सीमा होत्या, आणि तांबड्या शाईत बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: "गुप्त खिंड", "इथून शस्त्रं आत येतात", "पहारेकरी सहा, त्यातला एक फितूर".

शिवाप्पांनी तो दोनदा वाचला. "ह्यो फितूर कोण?"

"ते अजून ठरलेलं नाही," हर्ष प्रामाणिकपणे म्हणाला.

मी डोळे मिटून घेतले. जर्मनी माझ्यापासून दर मिनिटाला लांब जात होती.

पण शिवाप्पा वाईट माणूस नव्हते. त्यांना माझ्यावर गुन्हा घालायचा नव्हता, आणि न समजलेल्या गोष्टीवर सही करायची नव्हती. दुसरी गोष्ट मला मनापासून पटली. मीही तेच करतो. शेवटी ते म्हणाले, "रविवारी येतो. माझ्यापुढं खेळून दाखवा. पटलं तर रिपोर्ट तुमच्या बाजूनं. नाही पटलं तर वर पाठवतो, मग वरचे बघतील."

रविवारी ते साध्या कपड्यांत आले, पण बसले पोलिसासारखे. मोहनकुमार साक्षीदार म्हणून न बोलावता आले. मथुरेनं गोडाचा शिरा केला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

हर्षनं गोष्ट सुरू केली, आणि पहिल्याच वाक्यात तुंबरगड आणि सप्तनीर यांच्यात युद्ध पेटवलं. दोन्ही सैन्यांनी आपापल्या नागरिकांना भरतीला बोलावलं. म्हणजे मला दोनदा. कांचेरीनं वर हुकूम काढला की आमचा जो नागरिक या युद्धात पडेल त्याची मालमत्ता जप्त. मी कांचेरीच्या सीमेवरच्या चौकीत दोन खेचरांसह अडकलो.

"चौकीचा अधिकारी तुम्हाला आत बोलावतो," हर्ष म्हणाला आणि शिवाप्पांकडं वळला. "सर, अधिकारी तुम्ही व्हाल?"

"मी? काय करायचं असतं?"

"तुम्ही रोज करता तेच."

शिवाप्पांनी खुर्ची पुढं ओढली. जप्त केलेले तीन कागद आणि फासे पाकिटातून काढून टेबलावर मांडले. घसा खाकरला. आणि मग पाऊण तास त्यांनी मला असा काही पिळून काढला की मला घाम फुटला. खेचरं कुणाकडून घेतली? तिन्ही राज्यांच्या कागदांवर एकाच माणसाची सही कशी? तुंबरगडात शेवटचं कधी होतात, साक्षीदार कोण? मोहनकुमार "मी, मी" म्हणत उठले, त्यांना खाली बसवलं. धनलक्ष्मी मला सोडवायला चौकी पेटवते म्हणाली. शिवाप्पा तिच्याकडं न बघता म्हणाले, "त्या बाईला आधी बाहेर घाला." हर्ष टिपणं घ्यायचं विसरला होता.

"मूळ गाव?" शिवाप्पांनी विचारलं.

तोंड उघडलं, आणि तुंबरगड काही आलं नाही.

"तेच तर नक्की नाही," मी म्हणालो. "पणजोबांच्या आधीचे कुठून आले ते घरात कुणालाच माहीत नाही. मराठी बोलतो, पण तिकडं गेलं की हसतात. इकडंच जन्मलो, पण इकडं 'तुमचं मूळ कुठलं' म्हणून विचारतात. मी सगळ्यांचाच आहे असं मला वाटतं. कुणी लिहून मात्र देत नाही."

हर्ष खाली बघत होता.

शिवाप्पांनी हातातला कागद खाली ठेवला. "आमचं घर ह्या राज्यात, आईचं माहेर त्या राज्यात. मधी एक ओढा. तिकडं मला कानडी पोलीस म्हणतात, इकडं साहेब म्हणतात ह्याचं मराठी बघा. आमची आई सकाळी कानडीत शिव्या देती, संध्याकाळी मराठीत. तिला इचारलं नाही कुणी, मूळ कुठलं." मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते पुन्हा अधिकारी झाले. "पण लढाई लागलीय. कायदा म्हंजे कायदा. तीनातलं एक ठेवा, दोन कागद इथं फाडा, आणि जावा."

"अहो, फाडा!" मथुरा दारातून म्हणाली. "जर्मनीला जायचंय ना?"

सगळे माझ्याकडं बघत होते. दोन जाड कागद, विद्याश्रीनं रंगवलेली चिन्हं, मोहनकुमारांच्या हिरव्या सह्या. फाडले असते तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. हे मला समजत होतं. मी मूर्ख नाही.

"नाही," मी म्हणालो. "सदतिसावं पान वाचा. मी तिघांचाही नागरिक आहे. चौकीवरच्या अधिकाऱ्याला ते रद्द करायचा अधिकार नाही."

"अप्पा!" विद्याश्री म्हणाली.

"मग कैद," शिवाप्पा म्हणाले. "लढाई संपेपातूर."

मी घासाघीस करायला फासे टाकले. घासाघिशीत मी भरपूर गुण घातले होते. तिन्ही फासे उलटे पडले. मला बेड्या पडल्या, खेचरं जप्त झाली, आणि आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला मी अधिकृतपणे तुरुंगात गेलो. मथुरा आत निघून गेली आणि भांडी जरा जास्तच वाजली.

शिवाप्पांनी खरी फाइल उघडली. माझा अर्ज काढला. पेनाचं टोपण काढून बराच वेळ लिहीत राहिले. मग कागद माझ्याकडं वळवला. रिपोर्ट कन्नडमध्ये होता: अर्जदार भारतीय नागरिक. चौकशीत हट्टी आढळले. आक्षेप नाही.

"सुटलो?" मी विचारलं.

"खोटे कागद करणारा मानूस," ते म्हणाले, "पोलीस दिसला की दोन काय, तिन्ही फाडून पळतो. पंचवीस वर्षं बघतोय. फुकटच्या कागदासाठी तुरुंगात बसणारा तुम्हीच पहिले." त्यांनी शिऱ्याची बशी ओढून घेतली. "पण हिथून सुटला. तिथून नाही. तिथं तुम्ही कैदी हाय."

जाताना त्यांनी हर्षला विचारलं, की कैदी असताना अधिकारी नसला तर चालतं का. हर्ष म्हणाला, नाही चालत. "स्वल्प अडचण होईल, सर." मी हर्षकडं बघितलं. तो हसत नव्हता. त्याच्या तोंडून ते सहज गेलं होतं. पुढच्या रविवारी शिवाप्पा सगळ्यांच्या आधीच हजर.

पासपोर्ट आला, व्हिसा झाला, स्वेटर कपाटात परत गेला आणि तिथून बॅगेत. युद्ध मात्र संपेना. मी कैदेतच जर्मनीला गेलो.

मशीन चांगलं होतं. मी त्यात तीन चुका काढल्या, तिथल्या लोकांनी आनंदानं नोंदवून घेतल्या. दुसऱ्या रविवारी दुपारी मी घरी फोन लावला. इथली थंडी, इथली स्वच्छता, ब्रेडचे प्रकार, असं बरंच काही सांगायचं ठरवून ठेवलं होतं. बऱ्याच वेळानं मथुरेनं फोन उचलला.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"मी घाईत आहे," ती म्हणाली. "कांचेरीच्या खिंडीत आहे. धनलक्ष्मीनं दार पेटवलंय, विद्या शिपायांना थोपवतेय, मला भिंतीवरून चढायचंय."

"तू? तू खेळतेस?"

"मग काय तुम्हाला तिथंच कुजू देऊ? तुम्ही गेल्यावर पहिल्याच रविवारी बसले. शंभर गुण सगळे बळावर घातलेत. मोहनकुमार खेचरं धरून उभे आहेत, पण त्यांना कसलाही सल्ला द्यायची मनाई केलीय."

हजारो मैलांवर एका दगडी कोठडीत मी बसलो होतो आणि माझी बायको भिंत चढत होती. "मथुरा," मी म्हणालो, "डावीकडचा शिपाई फितूर असेल बघ, त्याला..."

मागून शिवाप्पांचा भारदस्त आवाज आला. "कोण हाय वो, अक्का?"

"हेच आहेत."

"ठेवा की मग. कैद्याला फोन नसतो."

"ऐकलंत ना?" मथुरा म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.